बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतताना: आधी काय, नंतर काय

रुजू व्हायची तारीख सहा महिने आधीपासून माहीत असते. तरीही शेवटच्या आठवड्यात पाळणाघर शोधणं, दूध काढायचा पंप मागवणं, गावाहून आईला बोलावणं अशी सगळी तारांबळ उडते. मी एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते. रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात, आणि रुजू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत आलेले राजीनामेही. त्या मुलींशी बोलल्यावर कळतं की ऑफिसचं काम झेपलं नाही असं क्वचितच झालेलं असतं. बहुतेकींच्या बाबतीत घरची व्यवस्था एकाच माणसावर उभी होती. तो माणूस आजारी पडला आणि सगळं कोसळलं.

म्हणून खालचे टप्पे रुजू होण्याच्या तारखेपासून उलटे मोजत लिहिले आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रमातच होतात.

टप्पा ० : रजेचा अर्ज भरतानाच (बाळंतपणाच्या आधी)

कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असताना तिसऱ्या वेळी ही रजा १२ आठवड्यांची असते. अट एवढीच की बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेलं असावं. १९६१ चा मातृत्व लाभ कायदा आणि त्यातली २०१७ ची दुरुस्ती यांतून आलेल्या या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

आता हिशेब करा. आठही आठवडे आधीच घेतले तर नंतर १८ उरतात, म्हणजे तुम्ही परताल तेव्हा बाळ जेमतेम सव्वाचार महिन्यांचं असेल आणि फक्त दुधावर असेल. दोनच आठवडे आधी घेतले तर परतताना ते साडेपाच महिन्यांचं असेल आणि वरचं अन्न सुरू व्हायला पंधरा दिवसच उरतील. हा सहा आठवड्यांचा फरक पुढच्या सगळ्या टप्प्यांवर परिणाम करतो. अर्थात डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर ती घ्यायचीच, तिथे हिशेब चालत नाही. पण तब्येत ठीक असताना, ‘सातवा महिना लागला की माहेरी’ ही रीत पाळण्याआधी कॅलेंडर समोर ठेवा.

रविवार आणि सण या २६ आठवड्यांतच मोजले जातात. ‘सुट्ट्या वगळून १८२ दिवस’ असं धरून तारीख काढणाऱ्या दरवर्षी भेटतात.

*तपासा:* पगार ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) मर्यादेत, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर रजेचे पैसे कंपनी देत नाही, ते महामंडळाकडून येतात. त्यासाठी मागच्या दोन अंशदान-काळांत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असावं लागतं. ते भरलं आहे का, हे बाळंतपणाआधीच पाहून घ्या.

*सावधान:* कंत्राटी नोकरीत ‘करार संपला, रजाही संपली’ असं सांगितलं जातं. करार संपला तरी मातृत्व लाभ तिथेच थांबत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे.

टप्पा १ : आठ आठवडे आधी – बाळ कोणाकडे राहणार?

सगळ्यात आधी हे ठरवा. पंप, डबे, कपडे, ऑफिसची बॅग हे सगळं यानंतर येतं.

आपल्याकडे उत्तर तीनांपैकी एक असतं: आजी, घरी येणाऱ्या मावशी किंवा पाळणाघर. तिन्हींत एकेक खोट आहे, ती आधीच समजून घ्या.

आजी. सासूबाई किंवा आई ‘मी आहे ना’ म्हणतात तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असतं. पण साठी-पासष्टीच्या बाईला गुडघेदुखी असेल तर सात-आठ किलोचं बाळ जमिनीवरून दिवसातून वीसदा उचलणं जमणार आहे का, हे विचारायचं राहून जातं. विचारलं तरी त्या नाही म्हणत नाहीत. म्हणून विचारत बसू नका, करून बघा. दोन वेळा सलग चार-चार तास घराबाहेर जा. परत आल्यावर ‘बाळ रडलं का?’ असं विचारण्याऐवजी ‘तुमचं जेवण झालं का, दुपारी पडायला मिळालं का?’ एवढं विचारा. दोन्ही दिवशी उत्तर ‘नाही’ आलं तर आजीच्या जोडीला कोणीतरी हवं. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना दुपारचे तीन तास जास्त थांबवता आलं तरी खूप फरक पडतो.

मावशी. ओळखीतून आलेल्या असल्या तरी आधार कार्डाची प्रत घ्या, त्यांच्या घरचा पत्ता खरा आहे का पाहा आणि आधीच्या घरी फोन करून ‘काम का सोडलं?’ असं सरळ विचारा. पगार, महिन्याच्या सुट्ट्या, गणपती-दिवाळीला गावी जाण्याचे दिवस आणि उशीर झाला तर जास्तीचे पैसे किती, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. या गोष्टी मोघम ठेवणाऱ्या घरांतल्या मावशी तीन महिन्यांत बदलतात.

पाळणाघर. सकाळी अकराला बघायला जाऊ नका, त्या वेळी सगळीच पाळणाघरं छान दिसतात. संध्याकाळी पावणेसहाला जा. मुलं दमलेली, रडकुंडीला आलेली असतात आणि काकूही थकलेल्या असतात. त्या वेळचं वागणं हेच तिथलं खरं वागणं. रांगणाऱ्या मुलांची खोली वेगळी आहे का, खिडक्यांना आणि जिन्याला जाळी आहे का, पाण्याने भरलेली बादली उघडी राहते का, ताप आलेल्या मुलाला त्या घेतात का, हे डोळ्यांनी बघा. ‘ताप असला तरी ठेवा, आम्ही बघतो’ हे ऐकायला सोयीचं वाटतं. पण मग दुसऱ्यांचीही तापलेली मुलं तुमच्या बाळाशेजारीच असणार.

कंपनीत ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. वेगळी इमारत नसली तरी जवळच्या पाळणाघराशी करार केलेला असू शकतो. विचारल्याशिवाय हे सहसा कोणी सांगत नाही.

*तपासा:* मुख्य व्यवस्थेखाली दुसऱ्या माणसाचं नाव लिहिलं आहे का? मावशी आल्या नाहीत, पाळणाघर बंद आहे, आजीला ताप आहे, अशा सकाळी सात वाजता फोन कोणाला करायचा? तिथे ‘बघू’ लिहिलं असेल तर हा टप्पा पूर्ण झालेला नाही.

टप्पा २ : पैशांचा हिशेब

पाळणाघराची फी आईच्या पगारातून वजा करायची आणि ‘उरतं काय, मग घरीच बस’ म्हणायचं, ही नेहमीची चूक. मूल दोघांचं आहे, तर खर्चही दोघांच्या एकत्र उत्पन्नातून वजा करा. शिवाय आजच्या पगारासोबत पीएफ, गटविमा आणि पुढच्या पगारवाढी याही धरा. दोन-तीन वर्षांनी परत नोकरी शोधताना आजचाच पगार मिळेल, असं कोणी सांगू शकत नाही.

बाळाचं नाव कंपनीच्या गटविम्यात घातलं का, तेही याच वेळी पाहा. बहुतेक विम्यांत त्याला मुदत असते आणि जन्म दाखला लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद करता येते, नाव नंतर घालता येतं. बारशासाठी नोंद अडवून ठेवू नका.

टप्पा ३ : सहा आठवडे आधी – ऑफिसला लेखी कळवा

साहेब चांगले आहेत, फोनवर ‘काळजी करू नकोस’ म्हणाले, एवढ्यावर राहू नका. साहेब बदलतात, ईमेल राहतो. चार ओळी पुरेत:

‘माझी मातृत्व रजा अमुक तारखेला संपते. अमुक तारखेला मी रुजू होईन. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन स्तनपान-विश्रांती घेणार आहे. दूध काढण्यासाठी आतून कडी लागणारी खोली आणि फ्रीजमध्ये जागा हवी. पहिला महिनाभर आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची विनंती आहे.’

यातल्या दोन विश्रांती हा तुमचा हक्क आहे. त्या जेवणाच्या सुट्टीखेरीज वेगळ्या मिळतात. घरून काम मात्र कामाचं स्वरूप पाहून, दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरतं. म्हणून विश्रांतीसाठी ‘विनंती’ हा शब्द वापरू नका आणि घरून काम मागताना ‘हक्क’ म्हणू नका. या दोन्हींची सरमिसळ झालेले ईमेल आमच्याकडे येतात आणि मग दोन्ही मागण्यांची चर्चा एकत्र सुरू होते.

*सावधान:* रजेवर असताना नोकरीवरून काढणं किंवा तुमच्या नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याच्या दिशेने बदलणं बेकायदा आहे. परतल्यावर पद किंवा पगार खाली आलेला दिसला तर रागाच्या भरात काही सही करू नका. आधी बदल लेखी मागा.

बाळंतपणामुळे आलेलं आजारपण, अपुऱ्या दिवसांचं बाळ अशा कारणांसाठी २६ आठवड्यांवर आणखी एक महिन्याची पगारी रजा मिळू शकते. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. रजा संपायच्या आत अर्ज द्या.

टप्पा ४ : चार आठवडे आधी – दुधाची सोय

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. ‘कामावर जायचंय, लवकर सवय लागू दे’ म्हणून चौथ्या महिन्यात नाचणीचं सत्त्व सुरू करणं, गायीचं दूध पाणी घालून पाजणं, मध चाटवणं हे प्रकार टाळा. मध वर्षभर नाहीच, आणि मुख्य आहार म्हणून गायीचं दूधही वर्षापर्यंत नाही. दूध कमी पडत असेल तर काय द्यायचं ते बालरोगतज्ज्ञ सांगतील, शेजारीण नव्हे.

क्रम असा:

१. आधी एक आठवडा रोज एकदाच दूध काढा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर साधारणपणे जास्त निघतं. पंप नसला तरी हाताने काढता येतं, प्रसूतिगृहातल्या सिस्टर दाखवतात. पहिल्या दिवशी तळाशी चमचाभर दूध दिसलं म्हणून घाबरू नका.

२. ६० मिलिच्या आसपासच्या छोट्या भागांत साठवा, वर तारीख आणि वेळ लिहा. मोठ्या बाटलीतलं उरलेलं दूध फेकून द्यावं लागतं आणि तेव्हा रडू येतं.

३. साठवणीचे नियम: खोलीत, २५ अंशांपर्यंत, ४ तास. फ्रीजमध्ये ४ दिवस, तेही आतल्या बाजूला, दाराच्या कप्प्यात नाही. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर फार भरवसा ठेवू नका, तिथलं दूध दोन आठवड्यांत संपवा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीतल्या चार तासांचा नियम विसरा, काढलं की थेट फ्रीजमध्ये ठेवा.

४. गोठलेलं दूध रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा आणि वितळल्यापासून २४ तासांत वापरा. परत गोठवू नका. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये नाही, आणि पातेल्यात उकळायचं तर मुळीच नाही. आजींना हे दोनदा सांगा, कारण त्यांच्या लेखी न उकळलेलं दूध म्हणजे कच्चं दूध.

५. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरा. पहिले काही दिवस तुम्ही पाजू नका. आई समोर असताना बाळ चमच्याला तोंड लावत नाही. तुम्ही घराबाहेर आणि बाबांच्या हातात वाटी, अशी सवय करा.

६. उष्टं झालेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्या.

*तपासा:* ठरलेल्या वारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाते अशा भागात राहता का? मग त्या दिवशी फ्रीज सारखा उघडायचा नाही आणि बर्फाच्या दोन पिशव्या आतच ठेवायच्या.

टप्पा ५ : तीन आठवडे आधी – रंगीत तालीम

पाळणाघर आणि नोकरी एकाच सोमवारी सुरू करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पहिल्या पंधरवड्यात बाळाला सर्दी होतेच. ती तुमच्या रजेत होऊ द्या.

पहिले दोन-तीन दिवस एक तास, तुम्ही तिथेच. मग दोन तास, तुम्ही बाहेर. मग एक दुपारची झोप तिथे. शेवटच्या आठवड्यात पूर्ण दिवस, ऑफिसच्या वेळेप्रमाणे. त्यातल्या एका दिवशी तुम्ही खरोखर ऑफिसपर्यंत जाऊन या, त्याच लोकलने, त्याच बसने. ठाण्याहून अंधेरीला जाणाऱ्या बाईला घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत किती तास लागतात हे नकाशा सांगतो त्याहून वेगळं निघतं, आणि दुधाचं गणित त्या खऱ्या तासांवर करायचं असतं.

जे कोणी सांभाळणार त्यांच्यासाठी फ्रीजवर एक चिठ्ठी लावा. लांबलचक नको. अशी:

*१० – दूध, दीड वाटी, चमच्याने. मग झोप.*
*१ – दूध. ढेकर काढूनच आडवं करणे.*
*४ – दूध. मग खाली फिरवणे.*
*ताप वाटला तर काखेत मोजणे. १०० च्या वर असेल तर फोन. औषध विचारल्याशिवाय नाही.*
*फोन: आधी बाबा, मग आई, मग समोरच्या काकू.*

शेवटच्या ओळीतला क्रम मुद्दाम आहे. पाळणाघराच्या फॉर्मवरही वडिलांचा नंबर पहिला लिहा. आईचा नंबर पहिला असला की पुढची पाच वर्षं प्रत्येक शेंबड्या नाकाचा फोन आईलाच येतो.

टप्पा ६ : घरातली वाटणी, आणि घरातले बाकीचे

नवऱ्याला सुटी कामं सांगू नका, अख्खं खातं द्या. ‘आज डॉक्टरकडे नेशील का?’ म्हटलं की लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहतं. ‘लसीकरण तुझं’ म्हटलं की तारीख, कार्ड, रजा, रात्रीचा ताप सगळं त्याच्याकडे जातं. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी तुमच्या रजेत झालेल्या असतात, ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस मात्र तुम्ही रुजू झाल्यावर येते. ती त्याच्या कॅलेंडरवर लिहा. एखादं काम तो तुमच्यापेक्षा वाईट करेल, करू द्या. लंगोट उलटा बांधला म्हणून खातं परत घेऊ नका.

घरात आजारी सासरे किंवा पडून असलेली आजी असेल तर त्यांचं वेळापत्रक वेगळ्या कागदावर लिहा. बाळाच्या गडबडीत बीपीची गोळी राहते, इन्शुलिन राहतं. वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी रविवारी रात्री भरा. ती भरणारा माणूस तुम्ही सोडून दुसरा कोणीतरी असू द्या. तपासण्या एकाच शनिवारी ठेवा. दीर-नणंद दुसऱ्या शहरात असतील तर प्रेमाच्या चौकशीऐवजी त्यांच्याकडे ठरावीक गोष्ट मागा: महिन्याची औषधं ऑनलाइन मागवणं, दुपारच्या मदतनिसाचा अर्धा पगार किंवा वर्षातून पंधरा दिवस येऊन राहणं. मोघम मागितलं की मोघमच मिळतं.

*सावधान:* बाळ आणि ज्यांना स्वतःलाच सांभाळावं लागतं असे ज्येष्ठ, दोघांना मिळून एकाच माणसाच्या भरवशावर आठ-दहा तास सोडू नका.

टप्पा ७ : पहिला आठवडा

सोमवारी रुजू होऊ नका. रुजू व्हायची तारीख सोमवारवर येत असेल तर दोन-तीन दिवसांची अर्जित रजा जोडून बुधवार किंवा गुरुवार धरा. पहिला आठवडा तीन दिवसांचा झाला की घरातल्यांनाही दम घेता येतो.

ऑफिसमध्ये दूध काढायच्या वेळा कॅलेंडरवर बैठकीसारख्या अडवून ठेवा. दोनदा टाळल्या की छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप भरतो. बाथरूममध्ये दूध काढू नका. खोली मिळेपर्यंत आमच्या विभागाचा पिच्छा पुरवा, आम्हाला त्याची सवय आहे. घरी नेताना बर्फाच्या पिशवीसकट छोटी थर्मल बॅग लागते.

रात्रीचं जागरण याच आठवड्यात वाढतं, कारण दिवसभर न भेटलेलं बाळ रात्री भरपाई करतं. सकाळची पोळीभाजी काही दिवस बाहेरून घेतली तर घर बुडत नाही.

टप्पा ८ : महिन्याभरानंतर

महिना झाला की दोघांनी बसून तीनच प्रश्न विचारा. बाळाचं वजन वाढतंय का? सांभाळणारा माणूस टिकेल का? आई झोपते किती? यातल्या एकाचंही उत्तर वाईट असेल तर तेवढीच व्यवस्था बदला, सगळी नको.

दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत रडू येणं, बाळाजवळ जावंसं न वाटणं, जीव नकोसा होणं हे दमणुकीच्या पलीकडचं आहे. डॉक्टरांना सांगा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि राजीनामा. पहिल्या आजारपणात तो लिहावासा वाटतोच. त्याआधी चार गोष्टी करून झाल्या आहेत का पाहा: कामाच्या शिफ्टची वेळ बदलून मागणं, घरून कामाचे दिवस वाढवून मागणं, काही महिने बिनपगारी रजा किंवा अर्धवेळ काम मागणं, आणि नवऱ्याने त्याच्या ऑफिसात यातलंच एखादं मागणं. चौथी गोष्ट बहुतेक घरांत झालेलीच नसते.

तरीही सोडायचंच ठरलं तर तारीख टाकण्याआधी नोकरीची एकूण वर्षं मोजा. ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत साधारण पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि मातृत्व रजेचे २६ आठवडे सेवेतच धरले जातात. पाच वर्षांना काही महिनेच कमी असताना राजीनामा टाकून गेलेल्या मुलींचे कागद मी पाहिले आहेत.